दोन्ही बाजूंना काच

सदाशिव पेठ, पुणे ३०
रविवार, १८ जानेवारी २००९

ती. दादास,

नमस्कार. तू फोन आपटलास म्हणून पत्र लिहिते आहे. पाकीट आणायला गेले, तर पत्ता ऐकून पोस्टातल्या बाई म्हणाल्या, "कोथरूडला? रिक्षानं गेलात तर अर्ध्या तासात पोचाल." मी म्हटलं, मला पोचायचं नाहीये, पत्र पोचवायचंय.

तर मुद्द्याचं बोलते. चैत्र शुद्ध तृतीयेला आपल्या पणजोबांना जाऊन शंभर वर्षं होतात. रावबहादूर चिंतामणराव दाबके यांचं चरित्र काढायचं स्मृतिन्यासानं ठरवलं आणि ते लिहायचं काम माझ्याकडे आलं. "मंदा निवृत्त झाल्यापासून रिकामीच असते," असं तू सभेत म्हणालास. ते इतिवृत्तात नाही, पण माझ्या लक्षात आहे. दोन वर्षं खपून मी दहा प्रकरणं लिहिली. तुला सहा आवडली. सातवं वाचून तू फोनवर विचारलंस, "तू घराण्याच्या मुळावर उठली आहेस का?" आणि उत्तर न ऐकता ठेवून दिलास. ते उत्तर आता देते.

लहानपणापासून आपण काय ऐकत आलो? रावबहादूर १८८५ साली पुण्याच्या नगरपालिकेत निवडून आले, दोन वर्षं मुंबईच्या कायदेमंडळात बसले, आणि १८९७ च्या प्लेगात गोरे सोजीर घराघरांत शिरू लागले तेव्हा सरकारच्या तोंडावर राजीनामा फेकून घरी आले. मग मरेपर्यंत ताठ मानेनं घरीच बसले. दर पुण्यतिथीला त्या राजीनाम्याची फ्रेम भिंतीवरून उतरवायची, हार घालायचा आणि घरातल्या थोरल्या पुरुषानं तो उभं राहून वाचायचा. "ज्या सभेच्या डोळ्यांदेखत लोकांच्या देवघरांत बूट शिरतात, त्या सभेचा सभासद म्हणवून घेण्याची मला लाज वाटते." हे वाक्य आलं की नानांचा आवाज कापायचा. तुझाही कापतो. माझ्याही अंगावर काटा यायचा, खोटं कशाला सांगू.

मी तेहतीस वर्षं सरकारी कचेरीत आवक-जावकवर काढली. कागद आला की शिक्का, क्रमांक, तारीख. कागद गेला की क्रमांक, तारीख, सही. चरित्रात छापायला म्हणून फ्रेम माझ्याकडे आणली, टेबलावर ठेवली, चष्मा लावला आणि अर्ध्या मिनिटात मला घाम फुटला.

दादा, राजीनामा दिला की तो ज्याला दिला त्याच्याकडे राहतो. देणाऱ्याकडे राहते ती नक्कल. आपल्या भिंतीवर आहे ते मूळ पत्र आहे, त्यांच्या सहीचं. त्यावर पालिकेचा शिक्का नाही, आवक क्रमांक नाही, कुणाचा शेरा नाही. तीन पिढ्या आपण त्याला हार घातले आणि हा कागद आपल्या घरात काय करतोय, असं एकालाही वाटलं नाही.

राजीनामा दिलाच नव्हता. सातव्या प्रकरणात एवढंच आहे.

तुझी,
मंदा


सदाशिव पेठ
रविवार, १ फेब्रुवारी २००९

ती. दादास,

तुझं उत्तर कुरिअरनं मिळालं. "प्रकरण सातवे वगळावे. फ्रेम परत करावी. – बाळ." सहा शब्दांत दोन हुकूम. सही मात्र मूळ आहे, ती फाईलला लावली.

तुझ्या मनात आलं असेल, की मंदाला एक शिक्का दिसला नाही म्हणून तिनं एवढं रामायण रचलं. तसं नाही. मी पालिकेच्या जुन्या कामकाजाची पुस्तकं जाऊन पाहिली. राजीनाम्यावर तारीख आहे सोमवार, १२ एप्रिल १८९७. गुरुवारी, पंधराला, सभा झाली. हजर सभासदांत चौथं नाव चिंतामण दाबके. त्यानंतर सहा वर्षं ते सभेला जात होते. १९०३ ला निवडणूक हरले, तेव्हा कुठे घरी बसले.

आणि 'रावबहादूर' ही पदवी? तिची सनद राजीनाम्याच्या शेजारीच टांगलेली होती, आठवतं? सनदेवर साल १८९९. सरकारच्या तोंडावर राजीनामा फेकणाऱ्याला सरकार दोन वर्षांनी पदवी देतं का? दोन्ही फ्रेमी जन्मभर शेजारी शेजारी होत्या. पण दोन्हींवरच्या तारखा खालच्या बाजूला, आणि हार आपण नेमके तिथेच सोडायचो.

हे आजोबांचं काम असणार. त्यांना वडिलांच्या पेटीत पत्र सापडलं, तेव्हा चळवळीचे दिवस होते, गल्लीत प्रत्येक घरातून कुणीतरी तुरुंगात जाऊन आलं होतं. आपल्या घरातून कुणीच नाही. त्यांनी पत्राला चौकट केली आणि आपल्यालाही काहीतरी मिळालं. मी त्यांना दोष देत नाही. मुलाला बापाची लाज वाटत असेल तर तो आणखी काय करणार?

आता पुढचं ऐक, आणि बसून वाच. मी फ्रेम उघडली. हो, उघडली. मागचा पुठ्ठा वाळवीनं खाल्ला होता. पत्राच्या पाठीवर त्यांच्याच अक्षरात, मोडीत, दोन ओळी आहेत. तुला मोडी येत नाही, म्हणून बाळबोधीत देते:

"देण्यास नेले. दिले नाही. छावणीच्या नळांचा ठराव गुरुवारी आहे."

प्लेगच्या संशयितांना नदीकाठी झोपड्यांत ठेवलं होतं, तिथली माणसं नदीचं पाणी पीत होती. गुरुवारच्या सभेत छावणीला दोन नळ द्यायचा ठराव दाबक्यांनी मांडला. सातविरुद्ध सहा मतांनी पास झाला. त्या सातांत एक मत त्यांचं होतं.

ते सोमवारी पत्र खिशात घालून निघाले होते, दादा. कचेरीच्या दारापर्यंत गेले असतील. आणि तसेच परत आले. गल्लीतल्या लोकांनी नंतर त्यांच्या दारावर शेण फेकलं, हे आजीकडून ऐकलेलं तुलाही आठवत असेल. 'इंग्रजांनी फेकवलं' असं ती सांगायची. इंग्रज कशाला सदाशिव पेठेत शेण गोळा करत बसतील?

प्रकरण वगळणार नाही.

मंदा

ता. क. पूर्णिमा तुला नमस्कार सांगते. माझ्या आतल्या खोलीत राहते ती वाशिमची मुलगी. तू तिला एकदा "ही कोण?" असं तिच्यासमोरच विचारलं होतंस. ती हिंजवडीला नोकरी करते. तुझ्या गंधारच्याच कंपनीत, त्याच्या हाताखाली.


सदाशिव पेठ
रविवार, २२ फेब्रुवारी २००९

ती. दादास,

गंधार काल येऊन गेला. तू पाठवलं होतंस की तो आपणहून आला, ते त्यानं सांगितलं नाही. गाडी लावायला जागा मिळाली नाही म्हणून आधीच वैतागलेला होता. मी कांदेपोहे केले. पोरगं अजून शेंगदाणे बाजूला काढून शेवटी खातं.

पुस्तकाबद्दल दोन वाक्यं बोलला आणि मग खऱ्या विषयावर आला. "आत्या, तू पूर्णिमाला काय शिकवलंस?"

काय झालं ते तुला त्यानं सांगितलं नसणार, म्हणून मी सांगते. तिकडे अमेरिकेत कंपन्या बुडाल्या, इथे माणसं कमी करायची आहेत. पण काढून टाकलं असं कंपनी म्हणत नाही. एकेकाला काचेच्या खोलीत बोलावतात आणि टाईप केलेलं पत्र पुढे ठेवतात. 'मी वैयक्तिक कारणास्तव स्वेच्छेने राजीनामा देत आहे.' खाली फक्त सही करायची. तिच्या शेजारच्या चौघांनी पंधरा मिनिटांत केली.

पूर्णिमा ते पत्र घेऊन घरी आली. पायऱ्यांवरच बसली, वर येईना. मी खाली गेले तर म्हणाली, "काकू, सही नाही केली तं पुढच्या कंपनीले वाईट सांगू म्हणतात. पण माही इच्छाच नाही, तं स्वेच्छेनं काऊन लिहू मी?"

मी तिला आवक-जावक शिकवली. एवढंच. सही करू नकोस. ते पत्र त्यांना परत देऊ नकोस, आपल्याकडे ठेव. रोज वेळेवर जा, हजेरी लाव. काढायचं असेल तर 'काढलं' असं लिहून मागून घे.

गंधार म्हणाला, "आत्या, ही प्रोसेस आहे. सगळीकडे असंच करतात. टर्मिनेशन लेटर दिलं तर तिच्याच करिअरला डाग लागतो. आम्ही ग्रेसफुल एक्झिट देतोय."

मी म्हटलं, "मग पत्रात तसं लिहा. इच्छा कंपनीची, सही पूर्णिमाची."

तो बाजूला काढलेले शेंगदाणे खाऊ लागला. तो वाईट मुलगा नाही, हे मला माहीत आहे. मीच त्याला पाढे शिकवलेत. त्यालाही वरून आकडा आला आहे, एवढी माणसं मार्चपर्यंत. पण दादा, गंमत बघ. पुण्यतिथीला तू स्टेजवर उभा राहून राजीनाम्याचा जयजयकार करणार, आणि तुझा मुलगा सोमवार ते शुक्रवार राजीनामे गोळा करतो. आपलं घराणं राजीनाम्यावर उभं आहे ते असं.

जाताना त्यानं फ्रेम मागितली. "बाबांनी आणायला सांगितलीय." मी दिली नाही. ती दुरुस्तीला टाकली आहे, असं सांगितलं. ते खरंच आहे.

मंदा


सदाशिव पेठ
रविवार, ८ मार्च २००९

ती. दादास,

न्यासाच्या सभेचं इतिवृत्त मिळालं. 'श्रीमती मंदाकिनी दाबके यांनी प्रकरण ७ न वगळल्यास ग्रंथाचे प्रकाशन न्यासातर्फे होणार नाही.' सूचक बाळ दाबके. अनुमोदक सुशीला दाबके. वहिनींना अनुमोदन द्यायला लावलंस. त्यांनी मला परवा भाजीबाजारात पाहिलं आणि पडवळ निवडत बसल्या. त्यांना पडवळ आवडत नाही.

तर न्यासाचं नाव मी मुखपृष्ठावरून काढलं आहे. पुस्तक छापायला गेलं. दहाच्या दहा प्रकरणांसकट. ते माझं आहे आणि मी ते काढणार.

तू लिहितोस की मी त्यांना भेकड ठरवलं. तू सातवं प्रकरण पुरतं वाचलंस का, खरं सांग. मी त्यांना देवही केलेलं नाही. आठव्या प्रकरणात त्यांनी पदवी घ्यायला शिवलेल्या नव्या अंगरख्याचं वर्णन आहे. नवव्यात, १९०१ साली कलेक्टरसाहेबांच्या मर्जीखातर त्यांनी झाडूवाल्यांच्या संपाविरुद्ध मत दिलं, तेही आहे. ते मला आवडलं नाही आणि तसं मी लिहिलंय. पण ते खुर्चीत बसून राहिले, शिव्या खात राहिले, आणि त्या खुर्चीतून दोन नळ झाले. तुला फेकलेला राजीनामा मोठा वाटतो. मला न दिलेला मोठा वाटतो. हा फरक पणजोबांमुळे नाही, आपल्या दोघांमुळे आहे.

बोलायचं नव्हतं, पण आता निघालंच आहे.

आपल्या घरात राजीनामा हा दागिना झाला होता. नानांनी १९६५ ला हेडमास्तरांशी भांडून शाळेतली नोकरी सोडली आणि फ्रेमसमोर नमस्कार करून आले. आईनं त्या दिवसापासून शिवणाचं मशीन घेतलं. तू १९८१ ला हडपसरच्या कारखान्यातून राजीनामा देऊन आलास. सुपरवायझर अरेतुरे बोलला म्हणून. येताना पेढे आणलेस. नानांनी तुला फ्रेमसमोर उभं करून हार घातला. गंधार दहा वर्षांचा होता, टाळ्या वाजवत होता. वहिनी स्वयंपाकघरात होत्या, आई होती, मी होते. आम्ही तिघी एकमेकींकडे बघत नव्हतो.

पुढची चार वर्षं तुला मनासारखी नोकरी मिळाली नाही. मग क्लास काढलास, तो चालला, छान झालं. मधली चार वर्षं घर कसं चाललं, ते तू कधी विचारलं नाहीस. मीही कधी सांगितलं नाही. रोज दहा वाजता शिक्का, क्रमांक, तारीख. माझ्याशीही साहेब अरेतुरेच बोलायचे, दादा.

मला दया नको आहे आणि आभारही नकोत. इतकी वर्षं त्याशिवाय झोप लागत होती. मला फक्त ते सातवं प्रकरण जसंच्या तसं हवं आहे.

पूर्णिमाचं कळवायचं राहिलं. सव्वीस दिवस ती रोज कंपनीच्या बसनं गेली. काम काढून घेतलं तरी गेली, रिकाम्या टेबलावर बसून राहिली. शेवटी गेल्या महिनाअखेरच्या शुक्रवारी त्यांनी तिला काढलं. पण काढलं असं लिहून दिलं, कंपनीच्या कागदावर. खाली सही गंधारची. ती सही करताना त्याचा हात थांबला, असं पूर्णिमा म्हणाली. मला ते ऐकून बरं वाटलं. तिला हडपसरला एका कंपनीनं बोलावलंय. मुलाखतीत तिनं ते पत्र आपणहून पुढे ठेवलं, म्हणाली, मी सोडलं नाही, मला काढलं. समोरच्या माणसानं म्हणे दोन मिनिटं कागद वाचला आणि चहा मागवला.

मंदा


सदाशिव पेठ
गुढीपाडवा, शुक्रवार, २७ मार्च २००९

ती. दादास,

हे पत्र पोस्टानं नाही, पूर्णिमाबरोबर पाठवते आहे. तिला आत बोलाव, पाणी विचार. ती सोमवारपासून हडपसरला रुजू होते आहे.

तिच्याबरोबर तीन गोष्टी आहेत.

पहिली, पुस्तक. काल संध्याकाळी बांधणी झाली. परवा तृतीयेच्या कार्यक्रमाला मी येणार आहे. न्यासानं मला बोलावलेलं नाही, पण पणजोबा माझेही आहेत. पुस्तकांचे गठ्ठे मी दारातल्या टेबलावर ठेवीन. ज्याला घ्यायचं तो घेईल.

दुसरी, फ्रेम. तू मागितलीस, मी परत करते आहे. पुठ्ठा काढून टाकला आणि मागच्या बाजूलाही काच बसवून घेतली. फ्रेमवाला म्हणाला, "बाई, अशी केली तर भिंतीला टांगल्यावर मागचं कुणाला दिसणार?" मी म्हटलं, म्हणूनच टांगायची नाही, हातात धरायची. परवा स्टेजवर तू ती हातात घेशील. समोरची बाजू वाचशील, आवाज कापेल, लोक उभे राहतील. मग तुला ती उलटी करायची की नाही, ते तू ठरव. मागच्या दोन ओळी मी देवनागरीत लिहून काचेच्या आत चिकटवल्या आहेत. मोडी येत नाही, ही सबब आता चालणार नाही.

उलटी केली नाहीस तरी मी हॉलमध्ये ओरडणार नाही. पुस्तक छापलेलं आहे. तू गप्प राहिलास म्हणून ते कोरं होणार नाही.

तिसरी गोष्ट पाकिटात आहे. खाकी, जुनं, कडेला फाटलेलं. ते शेवटी उघड.

तुला आनंद आठवतात का? नागपूरला रेल्वेत होते. मे १९८१ मध्ये आपल्याकडे दोनदा येऊन गेले. तू नंतर म्हणालास, "मंदाला तो पसंत पडला नाही. मंदाला कुणीच पसंत पडत नाही." घरात तेच चालू राहिलं आणि मी चालू दिलं. मला ते पसंत होते. सगळं ठरलं होतं. बदली नागपूरला मिळणार नव्हती, म्हणून कचेरीत द्यायचं पत्र मी लिहिलं. सोमवारी द्यायचं होतं. शनिवारी तू पेढे घेऊन आलास.

रविवारी आईनं माझ्या पर्समधला कागद पाहिला. वाचला, घडी घालून परत ठेवला. पोळ्या लाटता लाटता माझ्याकडे न बघता म्हणाली, "मंदा, तुझं तेवढं राहू दे गं." बाकी काही बोलली नाही, त्यानंतर मरेपर्यंत त्यावर बोलली नाही. सोमवारी मी ते पत्र घेऊन कचेरीत गेले. साहेबांच्या दारापर्यंत गेले. आणि माझ्या टेबलावर येऊन शिक्का उचलला.

पणजोबांच्या पत्राच्या पाठीवर 'देण्यास नेले, दिले नाही' वाचलं, तेव्हा मी टेबलावर डोकं ठेवून रडले. नंतर तोंड धुतलं आणि सातवं प्रकरण लिहायला घेतलं.

मला कुणी हार घालायला नको. पण परवा तू स्टेजवर 'आमच्या घराण्यात राजीनाम्याची परंपरा आहे' असं म्हणशील, तेव्हा मी तिसऱ्या रांगेत बसलेली असेन, एवढं ध्यानात ठेव. परंपरा दोन आहेत. दुसरीमुळे पहिली जेवली.

पाकिटातला कागद नीट पाहा. तारीख १ जून १९८१. सही माझी. शिक्का नाही, क्रमांक नाही, शेरा नाही.

झेरॉक्स नाही, दादा. मूळ प्रत आहे.

तुझी,
मंदा